अर्धं प्रोटीन ओतून देणारी बाई

मावशीला कोणी मावशी म्हटलेलं खपत नसे, आणि अख्खी प्रयोगशाळा तिला मावशीच म्हणे. दोष भाचीचा. चार वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीची मुलगी पीएचडी करायला त्याच प्रयोगशाळेत आली, मावशीच्याच घरी राहू लागली, आणि पहिल्याच आठवड्यात भर दुपारी दारातून ओरडली, "मावशी, चष्मा घरी विसरलीस." झालं. त्याआधी सत्तावीस वर्षं लोक तिच्या आडनावापुढे बाई लावत आणि दोन हात लांब उभे राहत. तेच तिला मानवत होतं. "मी काय तुमच्या आईची बहीण आहे?" असं तिने सहा-सात जणांना ठणकावून विचारलं. त्यांनी "नाही मावशी" असं उत्तर दिलं, आणि तिने नाद सोडला.

नाकावर राग असलेल्या माणसाला निदान उबदार जागा तरी मिळावी. तीही तिच्या वाट्याला आली नव्हती. तिचा अर्धा दिवस थंड खोलीत जाई: बिनखिडकीची, चार अंशांवर ठेवलेली, आणि इतकी अरुंद की दोन माणसं आत असली तर एकाने श्वास धरून दुसऱ्याला वाट द्यावी. उन्हाळ्यातसुद्धा ती दोन स्वेटर आणि दोन मोजे घालून तिथे तिपाईवर बसलेली असे. लग्न झालं होतं, अडीच वर्षं टिकलं. नवऱ्याला तिचे गार हात आवडत नसत आणि तिला नवरा. त्यावर दोघांनी फार चर्चा केली नाही.

त्या खोलीत ती अ‍ॅक्टिन बनवी. अ‍ॅक्टिन हे एक प्रोटीन. पेशी म्हणजे पाण्याची पिशवी अशी पुष्कळांची समजूत असते. तसं असतं तर माणूस खुर्चीत बसल्या बसल्या सांडला असता. पेशीच्या आत प्रोटीनच्या धाग्यांची जाळी असतात. काही धागे पोकळ नळ्यांसारखे. काही दोरासारखे पिळदार. ते कातडीच्या पेशींत भरपूर, म्हणून कातडी खेचली तरी फाटत नाही. आणि सगळ्यात बारीक धागे अ‍ॅक्टिनचे, पेशीच्या कडेकडेने दाट विणलेले. पेशी दाबली तर परत वर येते, सरपटायची वेळ आली तर पुढचं जाळं विणते आणि मागचं उसवते, ते सगळं या धाग्यांच्या जिवावर. हलकेच ओढलं तर जाळं ऐकतं, जोरात ओढलं तर अडून बसतं. मावशीला जाळ्याचा हा स्वभाव पसंत होता.

पेशीतलं जाळं पेशीत मोजणं कठीण, म्हणून प्रयोगशाळेतले लोक ते काचेच्या नळीत बनवून मोजत. त्यासाठी शुद्ध अ‍ॅक्टिन लागे, आणि ते मावशी कोंबडीच्या छातीच्या मांसातून काढी. दर दोन महिन्यांनी ती सहा किलो मांस आणी. "ताई, घरी पाहुणे का?" असं कोंबडीवाला दर वेळी विचारी आणि ती दर वेळी सांगे, "घरात आहेत तीच माणसं जड झालीत." ते मांस दळायचं, धुवायचं, वाळवून भुकटी करायची. भुकटीतून प्रोटीन पाण्यात उतरवायचं. मीठ घातलं की त्याचे सुटे मणी एकमेकांना धरून लांबच लांब धागे होतात. ते यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायचे, काचेच्या टिकलीसारखा स्वच्छ गोळा मिळतो. मग तो पुन्हा सोडवून तीन दिवस थंडीत भिजत ठेवायचा, आणि शेवटी एका उंच काचेच्या नळकांड्यातून थेंब थेंब गाळायचा. गाळलेलं प्रोटीन चाळीस छोट्या नळ्यांत येई. त्यातल्या पहिल्या वीस मावशी मोरीत ओतून देई.

पहिल्या वीस का, याचं कारण तिने स्वतः शोधलं होतं. वीस वर्षांपूर्वी जुने सर होते. तेव्हा या जाळ्याचं जे जेल बने ते कधी खरवसासारखं घट्ट होई, कधी पाण्यासारखं वाहून जाई, आणि सर सगळ्यांवर खेकसत. मावशीने एक हिवाळाभर काय केलं, तर चाळीसही नळ्यांचं वेगवेगळं जेल बनवलं आणि प्रत्येकात पोलादाचा बारीकसा मणी सोडून तो किती वेळात बुडतो ते घड्याळ लावून पाहिलं. पहिल्या नळ्यांत मणी सरळ तळाला गेला. शेवटच्या नळ्यांत तो वरच बसून राहिला. पहिल्या वीस नळ्यांच्या या पुढच्या भागात अ‍ॅक्टिनला चिकटून दुसरंच एक प्रोटीन येत होतं, हजारात एखादा कण. ते धाग्याच्या टोकावर बसतं आणि धागा वाढूच देत नाही. धागे आखूड राहिले की ते एकमेकांत अडकत नाहीत, नुसते घसरतात, आणि जाळं लेचंपेचं होतं. हे तिने बारा वेळा करून पाहिलं. जुन्या सरांनी पेपरमध्ये एक ओळ लिहिली, "शेवटचा भाग वापरला," आणि अगदी खाली बारीक अक्षरात तिचे आभार मानले. तिला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून तिचं अक्षर असलेली नळी कोणी तपासत नसे. सरळ काढायची आणि वापरायची. डिप्लोमावाल्या बाईची एवढी पत त्या इमारतीत दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि तिच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतंही.

जुने सर निवृत्त झाले आणि नवे सर आले. नवे सर वाईट नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट कोष्टकात हवी असे. एका सोमवारच्या मीटिंगला त्यांनी पडद्यावर कोष्टक लावलं आणि विचारलं, "मावशी, दुसऱ्या प्रयोगशाळांपेक्षा आपलं अ‍ॅक्टिन निम्मंच का निघतं?"

"पुढचा भाग मी टाकते."

"का?"

"तो चांगला नसतो."

"चांगला नसतो म्हणजे काय?"

"म्हणजे नसतो," मावशी म्हणाली. राग आला की तिचे शब्द घशातच अडकत, आणि तिला राग आलेला होता. बारा वेळा केलेलं काम तिला आठ जणांसमोर चार वाक्यांत सांगता येईना.

भाचीला सांगता आलं असतं. ती आली त्या वर्षी मावशीने जुनी वही उघडून मण्यांची सगळी हकीकत तिला सांगितली होती. पण भाचीला आता थीसिससाठी बरंच प्रोटीन हवं होतं आणि सरांची मर्जीही. ती लॅपटॉपवरची नजर न उचलता म्हणाली, "सवय आहे तिची, सर. मी विचारलंय. नीट कारण तिलाही देता येत नाही."

दोन-तीन जण हसले. फार नाही, नाकातल्या नाकात. सर म्हणाले, "मग यापुढे सगळं एकत्र करा," आणि पुढच्या कोष्टकाकडे वळले. मावशीला कोणी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिने भाचीवर डूख धरला तो त्या क्षणी.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे आता लढाई सुरू झाली. भाचीने स्वतःचा चहापत्तीचा डबा वेगळा आणला. मावशीने फ्रिजमधला मधला कप्पा रिकामा करून त्यावर कागद चिकटवला: "हा तुझा. बाकीचे माझे." भाची सकाळी अर्धा तास न्हाणीघर अडवी, मावशी बाहेरून गरम पाण्याचं बटण बंद करी. आतून "मावशी" अशी हाक येई आणि मावशीला त्या दिवशी चहा गोड लागे. बहिणीचा फोन येई, "तुम्ही दोघी नीट आहात ना गं?" दोघी दोन खोल्यांतून एकदमच म्हणत, "मस्त."

बॅच एकशे बारा मावशीने सरांच्या हुकमाप्रमाणे बनवली. चाळीसच्या चाळीस नळ्या एकत्र. वहीत लिहिलं, "११२. पूर्ण भाग, सरांच्या सांगण्यावरून." भाची प्रोटीन दुप्पट मिळालं म्हणून खूश झाली. तिला मोजायचं होतं ते असं: नुसत्या अ‍ॅक्टिनचं जाळं किती ताठ असतं ते आधी, त्याला तिथे कंट्रोल म्हणत, आणि मग त्यात तिने कातडीच्या पेशींतून काढलेलं एक नवं प्रोटीन घालून. ते नवं प्रोटीन धाग्याला धागा जोडत असावं असा तिचा आणि सरांचा अंदाज होता. मोजायचं यंत्र म्हणजे दोन चकत्या. मधे थेंबभर जेल, वरची चकती किंचित पिळायची, जेल किती अडतं ते पाहायचं. यंत्र तीन प्रयोगशाळांत मिळून एक होतं आणि पाळी लावावी लागे. भाचीने दोन आठवडे पाळ्या लावून कंट्रोलची साठ मापं उरकून टाकली. जाळं तसं लेचंपेचंच निघालं, पण तुलनेला दुसरं काही नसल्याने तिला ते कळलं नाही.

अ‍ॅक्टिन बर्फात ठेवलं तरी तीन आठवड्यांच्या वर टिकत नाही. एकशे बारा संपली. सर महिनाभर दौऱ्यावर होते. एकशे तेरा मावशीने आपल्या पद्धतीने बनवली, पहिल्या वीस नळ्या ओतून देऊन, आणि वहीत तसं लिहिलंही. भाची न्यायला आली तेव्हा तिच्या हातात नव्या प्रोटीनची पहिली नळी होती आणि पाय जमिनीवर नव्हते.

"नवीन बॅच आहे," मावशी म्हणाली. "वहीत लिहिलंय."

"ठीक आहे," म्हणून भाचीने नळ्या उचलल्या. वही तिथेच होती, हाताच्या अंतरावर.

नवी बॅच म्हटली की नवा कंट्रोल. हे त्या इमारतीत पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं. पण मावशीने सकाळीच यंत्राच्या दारावरचा पाळ्यांचा तक्ता पाहिला होता, आणि त्यात भाचीने एकही पाळी कंट्रोलसाठी ठेवलेली नव्हती. कंट्रोल तर झालेत, असा तिचा हिशेब. एक वाक्य पुरलं असतं: कंट्रोल पुन्हा घे, ही बॅच वेगळी आहे. ते वाक्य मावशीच्या जिभेवर आलं होतं. तिला ती मीटिंग आठवली, नाकातलं हसणं आठवलं, आणि तिने वाक्य गिळलं. भाचीची पीएचडी त्या एका वाक्यावर उभी होती, हे तिला तेव्हाच कळत होतं.

निकाल आला तो सगळ्यांनी तोंडात बोटं घालावीत असा. भाचीचं प्रोटीन घातलेलं जाळं आठपट ताठ. सरांनी दौऱ्यावरूनच फोन केला, परत आल्यावर सगळ्यांना केक खाऊ घातला. मावशीनेही एक तुकडा खाल्ला. तिला आनंद झाला होता. तो नीच आनंद होता हेही तिला समजत होतं, तरी झाला. आपल्याच हातचं चांगलं अ‍ॅक्टिन आणि त्यांच्याच हुकमाचं वाईट अ‍ॅक्टिन यांच्यातला फरक हे दोघं नव्या प्रोटीनच्या नावावर खपवत होते, आणि वर केक कापत होते.

पुढे भाचीने प्रोटीन कमी कमी करत मोजलं. निम्मं घातलं, आठपट. दहावा हिस्सा घातला, आठपट. शंभरावा घातला तरी आठपटच. साध्या माणसाला इथे शंका आली असती. सर मात्र म्हणाले, "म्हणजे इतकं प्रभावी आहे की कणभरही पुरतं." हे मावशीने थंड खोलीच्या दाराआडून ऐकलं आणि आत जाऊन तिपाईवर बसून एकटीच पोट धरून हसली.

आणि ती थांबली नाही. सरांचं कोष्टकावरचं लक्ष उडालं होतं. निकाल इतका छान असताना प्रोटीन किती निघतं ते कोण विचारतो. एकशे चौदा, पंधरा, सोळा, सगळ्या बॅचेस तिने आपल्याच पद्धतीने केल्या. तिने एकदा जरी हुकमाप्रमाणे सगळं एकत्र केलं असतं, तर जाळं लेचंपेचं येऊन भाचीचा आठपट ताठपणा एका दुपारी गळाला असता. ती स्वतःला सांगे, मी माझं काम नीट करते आहे, यात कोणाचं काय वाईट करते? आणि वहीत सगळं खरं लिहिलेलं आहे. ज्याला वाचायचं त्याने वाचावं. हे ती इतक्या वेळा स्वतःला सांगे की त्यावरूनच काय ते समजावं.

महिने गेले. भाची राबत होती हे खोटं नव्हतं. यंत्रापाशी उभी राहून तिचे पाय सुजत. घरी आल्यावर ती बादलीत पाय सोडून बसे आणि मांडीवर लॅपटॉप. पेपर लिहून गेला. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला घ्यायचं कबूल केलं, पेपर छापून आला की. बहिणीने फोनवर रडत रडत सांगितलं, "ताई, तुझ्यामुळे पोरीचं भलं झालं." त्या रविवारी सकाळी मावशी गॅसपाशी उभी होती, भाची मागे खुर्चीत बसली होती, आणि मावशीने ठरवलं की आता सांगून टाकायचं. ती वळली. "ऐक गं," म्हणाली.

"मावशी, न्हाणीघरातला दिवा बंद करत जा ना जरा," भाची स्क्रीनकडे पाहत म्हणाली. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही," मावशी म्हणाली. एका दिव्यावरून ते राहिलं. इतक्या क्षुल्लक कारणावरून माणसं एकमेकांचा घात करतात हे कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

सातव्या महिन्यात पेपर तपासणाऱ्यांची पत्रं आली. एकाने स्तुती केली. दुसऱ्याने एकच ओळ लिहिली: कंट्रोल आणि प्रयोग एकाच बॅचचे, एकाच दिवशी घेऊन दाखवावेत. सर म्हणाले, दुपारभराचं काम आहे. भाचीने दुपारची पाळी लावली. तेव्हा एकशे एकोणीस चालू होती.

नुसतं अ‍ॅक्टिन तिने चकत्यांमधे ठेवलं आणि पिळलं. ते तिच्या प्रोटीनवाल्या जाळ्याइतकंच ताठ निघालं. तिला वाटलं नळ्या बदलल्या. चकत्या तीनदा धुतल्या, नवं पाणी, नवे हातमोजे. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही तेच. चार वाजता थंड खोलीचं जड दार उघडलं आणि कित्येक महिन्यांनी भाची स्वतःहून आत आली. अंगावर स्वेटरही नव्हता.

"मावशी, वही दे."

मावशीने वही दिली. या घटकेसाठी तिने मनात एक लांबलचक भाषण तयार ठेवलं होतं, सात महिने घोटून घोटून. भाची उभ्या उभ्या पानं उलटत होती. एकशे बारा, पूर्ण भाग. एकशे तेरा, फक्त शेवटचा भाग. चौदा, फक्त शेवटचा. पंधरा. सोळा. तिचं बोट ओळीवरून ओळीवर सरकत होतं.

"म्हणजे ते सगळं तुझं अ‍ॅक्टिन होतं," ती म्हणाली. "माझ्या प्रोटीनने काहीच होत नाही."

मावशीच्या भाषणातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

"मी कंट्रोल पुन्हा घेत नाहीये, हे तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? मी बनवते. मोजायचं काम तुझं."

खोटं तोंडातून निघून गेलं, अगदी सहज. भाचीने मान हलवली. तिला ते पटलंच. मावशी खाष्ट होती, पण खोटं बोलताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. भाची त्या अरुंद जागेत खाली जमिनीवर बसली, गुडघ्यांत तोंड घालून. "त्या दिवशी मीटिंगमध्ये मी तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली. "मला कारण माहीत होतं. सरांना बरं वाटावं म्हणून बोलले मी. तू तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीस, आणि बरोबर आहे तुझं."

सात महिने मावशीला हेच हवं होतं. ते मिळालं तेव्हा तिने आपला वरचा स्वेटर काढून भाचीच्या पाठीवर टाकला. तेव्हासुद्धा खरं सांगायची वेळ गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये भाची उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं, आवाज न चढवता, आकड्यांसकट.

"म्हणजे तुझ्या प्रोटीनचा परिणाम किती?" सरांनी विचारलं.

"शून्य, सर."

सरांना दोष द्यायला कोणीतरी हवं होतं, ते सापडलं. "बॅच यांनी बदलली," ते मावशीकडे हात करून म्हणाले. "मला न विचारता. मी स्पष्ट सांगितलं होतं, सगळं एकत्र करा. बाई, पेपर गेला, हिची वर्षं गेली, आणि तुम्ही तिथे आपल्या मनाचा कारभार करत बसलात?"

"वहीत लिहिलं होतं, सर," भाची म्हणाली. "मी वाचलं नाही. आणि खराब होती ती एकशे बारा, तुम्ही सांगितलेली. तिच्या वीस वर्षांपूर्वीच्या नोंदी मी काल संध्याकाळी पुन्हा वाचल्या. बारा वेळा केलंय तिने. पद्धत तिचीच बरोबर आहे, तेव्हाही होती, आणि हे मला ठाऊक असून मी इथे बसून तिची सवय आहे म्हणाले." ती सरांकडे वळली. "तिला बोल लावू नका. मी कंट्रोल घेत नाहीये हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. कळलं असतं तर तिने मला सांगितलं असतं."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. आदराने पाहिलं, इतकी वर्षं तिच्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं. तिने फक्त मान खाली घालून बसायचं होतं, बाकी सगळं भाचीने केलं होतं. पण ते शेवटचं वाक्य तिला सोसवेना.

"मला माहीत होतं," मावशी म्हणाली.

"काय?"

"पाळ्यांचा तक्ता मी पाहिला होता. कंट्रोल नाहीत हे मला माहीत होतं."

"कधीपासून?" भाचीने विचारलं.

"एकशे तेरा दिली त्या दिवसापासून."

"काल मी विचारलं तेव्हा?"

"काल खोटं बोलले."

सर काहीतरी बोलू लागले होते, ते भाचीकडे पाहून थांबले. भाची मावशीकडे पाहत होती, नवख्या माणसाकडे पाहावं तसं. रडली नाही, भांडली नाही. तिच्या हातातल्या कागदाची घडी तिने दोनदा घातली आणि दोनदा उलगडली. मग ती पडद्याकडे वळली.

"पुढचं," ती म्हणाली, आणि आवाज मघासारखाच सपाट होता. "पेपर मी परत घेते आहे, तसं पत्र आज जाईल. परदेशातल्या प्रयोगशाळेलाही कळवते. सगळी मापं पहिल्यापासून घ्यावी लागतील, मला वाटतं दीड वर्ष. आणि एक नियम करावा अशी माझी सूचना आहे." ती लॅपटॉपवर वाकली आणि सगळ्यांसमोर एकेक अक्षर टंकू लागली. पडद्यावर ओळ उमटली: थंड खोलीतून येणारी कोणतीही नळी आधी तपासायची, मगच वापरायची.

"मान्य," सर म्हणाले. "कोणाला हरकत आहे?"

मावशीने ती ओळ वाचली. नियम बरोबर होता. तो आधी असता तर एका पोरीचे सात महिने वाचले असते. हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून सगळ्यांबरोबर तिनेही नाही अशी मान हलवली.